चांदणीचं जू

आमच्या सरीतूत गावात माणसं पाण्याच्या पाळीवरून भांडतात, शेजाऱ्याच्या तुतीची फांदी अंगणात आली म्हणून भांडतात, आणि काहीच हाताशी नसलं तर कालच्या भांडणावरून आज भांडतात. एका शब्दापायी अख्खी हयात घालवलेला माणूस मात्र गावात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या नशिबी आला. तुरोब मुअल्लिम. मुअल्लिम म्हणजे मास्तर. आमच्याकडे एकदा मास्तर झालेल्या माणसाला मरेपर्यंत मुअल्लिमच म्हणतात, मग त्याला शिकवता येवो न येवो.

मुअल्लिम आता नाहीत. त्यांचं जू मात्र आहे. हिवाळाभर ते शाळेत खिळ्याला टांगलेलं असतं आणि वसंतात शेतात असतं. त्याच्या एका टोकाला जळल्याची काळी खूण आहे. नवीन माणूस विचारतो, हे काय, तर गावातलं शेंबडं पोरसुद्धा त्याला पकडून बसवतं आणि सगळी कथा ऐकवतं. पोरं निम्मी कथा चुकीची सांगतात. म्हणून म्हटलं, एकदा मीच सांगून टाकावी. मी नोरमत, गावचा ट्रॅक्टरवाला. माझ्या सांगण्यातही चुका असतील, पण त्या माझ्या स्वतःच्या असतील.

मुअल्लिम उंच, किडकिडीत, आणि कान हे एवढे मोठे. लहानपणी आईने ओढले म्हणून वाढले, असं त्यांचं म्हणणं. गावाचं म्हणणं वेगळं होतं. ज्याचं बोलणं दुसरं कुणी ऐकत नाही, त्याचे स्वतःचेच कान वाढतात.

त्यांचा तो शब्द म्हणजे 'यूघ'. बैलांच्या मानेवर ठेवतात ते जू. शहरात शिकायला गेले तेव्हा तिथल्या कुणा म्हाताऱ्या प्राध्यापकाने त्यांना सांगितलं की बाबा, हा यूघ काही तुम्हा डोंगरी लोकांच्या मालकीचा नाही. फार फार वर्षांपूर्वी गवताळ मुलखात कुणी लोक होते. त्यांच्याकडे गाड्या होत्या, बैल होते आणि बैल जोडायला एक दांडा होता. पुढे ते लोक चहूकडे पांगले. भांडले असतील, दुसरं काय. पण जिथे गेले तिथे दांडा घेऊन गेले आणि दांड्याचं नावही. म्हणून रशियन माणूस 'इगो' म्हणतो, जर्मन 'योख', इंग्रज 'योक'. ग्रीकांनी 'झुगोन' केलं. हित्ती नावाचे लोक 'युकान' म्हणायचे. ते लोक आता उरलेच नाहीत, त्यांचं जू तेवढं पुस्तकात उरलं. हिंदुस्थानात जुन्या काळी 'युग' होतं आणि दख्खनच्या पठारावर तर आजही नुसतं 'जू' म्हणतात. शेवटचा घ त्यांनी वाटेत कुठे सांडला कुणास ठाऊक.

या सगळ्यांचा जो मूळ बाप शब्द, तो मुअल्लिम फळ्यावर लिहायचे, 'येउग', आणि त्याच्या डोक्यावर खडूने एक चांदणी काढायचे. चांदणी कशाला, असं दरवर्षी कुणीतरी पोरगं विचारायचंच. त्याचा अर्थ, हा शब्द कुणी कधी लिहून ठेवलेला नाही, आज जिवंत असलेल्या कुणी तो कानांनी ऐकलेला नाही, पण त्याच्या पोरानातवंडांची तोंडं बघून ताडता येतं की बाप असाच असला पाहिजे. यावर माझ्या वर्गातला एकजण म्हणाला होता की मुअल्लिम, आमच्या गल्लीत असं तोंडं बघून बाप ताडायला लागलो तर खून पडतील. त्याला उन्हात उभं केलं होतं.

कुणी न ऐकलेला तो शब्द आम्ही मात्र रोज ऐकला. लग्नात ऐकला, मयतीत ऐकला. आमच्या भाषेत बैलजोडीला 'जुफ्त' म्हणतात आणि नवराबायकोलाही जुफ्तच. तर स्वतःच्या लग्नात, मुल्ला निकाह लावत असताना, या गृहस्थाने मध्येच बोट वर करून सांगितलं की हा जुफ्तसुद्धा त्याच चांदणीच्या पोटचा. मुल्लाने पुस्तक मिटलं आणि चहा मागवला. माझी बहीण ओयमो बुरख्याआडून हसली, ती तेवढ्यावरच. पुढची सगळी वर्षं तिने पदरी पडलं ते पवित्र म्हणून निभावलं.

आता ते जू कुठून आलं ते सांगतो.

मी लहान असताना गावात पहिला ट्रॅक्टर आला. सामुदायिक शेतीचा जमाना. सांगिन अका, अका म्हणजे दादा, तेव्हा विशीतले, तरुण संघाचे पुढारी, छातीवर बिल्ला, आवाज असा की पलीकडच्या डोंगरावरची बकरी वळून बघायची. त्यांच्या डोक्यातून कल्पना निघाली की ट्रॅक्टर आला म्हणजे गुलामी गेली, तेव्हा गावातली सगळी जुवं आणून क्लबासमोर जाळायची. लाल कापडावर अक्षरं रंगवली, जुवातून मुक्ती. डफ वाजले. बायकांनी गोड रोट्या केल्या. आणि लोकांनी, शपथेवर सांगतो, हसतहसत आपापली जुवं आणून त्या ढिगावर टाकली. बापजाद्यांनी वर्षानुवर्षं हातांनी गुळगुळीत केलेली लाकडं. इतरांनी कचरू नये म्हणून सांगिन अकांनी आधी स्वतःच्या बापाचं जू टाकलं. बाप, म्हणजे रजब बोबो, गावाचे रजब आजोबा, गर्दीत उभे होते. टोपी काढून हातात धरली आणि धूर निघायला लागल्यावर घरी गेले.

मुअल्लिम त्याच वेळी सुट्टीवर आलेले. डोक्यात नवाकोरा शब्द, आणि डोळ्यांसमोर तोच शब्द जळतोय. पळत गेले आणि आगीत हात घालून वरचं जू ओढून काढलं. भुवया जळल्या, सदऱ्याची बाही जळली. गावाला वाटलं, शहरात शिकून पोरगं कामातून गेलं. वरचं जू म्हणजे अर्थात सगळ्यात आधी टाकलेलं नव्हे, पण ढीग कोसळून जे वर आलं ते रजब बोबोंचंच निघालं. इतक्या लाकडांतून नेमकं तेच. मुअल्लिम ते खांद्यावर टाकून चालते झाले आणि सांगिन अकांच्या समारंभाचा पार विचका झाला.

ट्रॅक्टरचं पुढे काय झालं तेही ऐका. आमची शेतं डोंगरउतारावर पायऱ्यांची. तिसऱ्या पायरीवर ट्रॅक्टर वळायला गेला आणि चिखलात पोटापर्यंत रुतला. ओढून काढायला बैल होते, जुवं नव्हती; एकच उरलेलं ते मुअल्लिमकडे, आणि ते मागायला सांगिन अका मेले तरी जाणार नव्हते. शेवटी सगळ्या मुक्त झालेल्या जनतेने दोर बांधून, 'हैया' करत, तो हाताने ओढला. बैल मग कुणाच्या कामाचे राहिले नाहीत. एकेका लग्नाच्या पुलावात एकेक गेला.

मुअल्लिम शिकून परत आले, शाळेत लागले आणि वर्गात खिळा ठोकून जू टांगलं. त्याचा त्यांनी फार वाईट उपयोग केला. दोन पोरं भांडली की खाली उतरवून दोघांच्या खांद्यावर ते जू ठेवायचे आणि अंगणात फेऱ्या मारायला लावायचे. एकजण उंच, एकजण बुटका. उंच पोरगं भरभर चाललं की बुटक्याची मान आवळायची, आणि बुटकं रेंगाळलं की उंचाची. मुअल्लिम दारात उभे राहून एकच वाक्य ओरडायचे, "ज्याचा पाय लांब त्याने पाऊल आखूड टाकायचं." अंगणाची दुसरी फेरी होईतो दोघं आपलं भांडण विसरून मुअल्लिमना शिव्या द्यायला एक झालेली असायची. गावातले आज मिशा फुटलेले सगळे बाप्ये आणि बऱ्याच बायाही त्या जुवाखालून गेल्यात, मीसुद्धा. माझ्याबरोबर होता तो सुतार मुरोद. त्याच्याशी माझं आजही पटत नाही, पण आम्ही चालतो मात्र बरोबर.

रजब बोबो रोज शाळेत यायचे. मागच्या बाकावर, जुवाच्या खाली, काठी गुडघ्यांत धरून बसायचे. पोरं इगो, योख, योक घोकायची आणि म्हातारा डुलक्या घ्यायचा. नवरोजच्या, म्हणजे वसंतातल्या नव्या वर्षाच्या, आदल्या दिवशी मात्र घरून जवसाचं तेल आणायचा आणि चिंधीने त्या लाकडाला वरपासून खालपर्यंत लावायचा. मुअल्लिम खुर्ची धरून ठेवायचे. दोघं कधी फार बोलल्याचं मला आठवत नाही. म्हातारा गेला तेव्हा मुअल्लिमना रडताना मी पाहिलं, आणि सांगिन अकांना पाहिलं नाही.

सांगिन अका तोवर ब्रिगेडचे, म्हणजे सामुदायिक शेतीवरच्या कामकऱ्यांच्या तुकडीचे, प्रमुख झालेले. त्यांनी वर कळवलं की शाळेत सरंजामी काळातली अवजारं टांगून पोरांच्या मनावर वाईट परिणाम केला जातोय. चौकशीला तीन टोपीवाले आले. मुअल्लिमनी त्यांना बाकांवर बसवलं आणि इगोपासून सुरुवात केली. हित्तींपर्यंत पोचेतो एकाचा घोरण्याचा आवाज यायला लागला होता. पण त्यातल्या मोठ्या साहेबाची नजर फळ्यावरच्या चांदणीवर गेली. टोपीवर चांदणी, झेंड्यावर चांदणी, ट्रॅक्टरवर चांदणी, आणि आता जुवावरही चांदणी. साहेब खूश झाले, पाठ थोपटली आणि जेवायला गेले. जू बचावलं. मुअल्लिम मात्र कधी मुख्याध्यापक झाले नाहीत. का झाले नाहीत ते कुणी सांगितलं नाही, आणि कुणाला विचारावं लागलं नाही.

उघड वाजलं ते माझ्या लग्नात. सांगिन अका पाहुण्यांना ट्रॅक्टरचे उपकार सांगत होते आणि मुअल्लिम भरल्या पंगतीत म्हणाले की काही माणसं इतकी पुढारतात की आधी बापाचं जू जाळतात आणि मग गावच्या रस्त्याला बापाचं नाव द्या म्हणून अर्ज करतात. सांगिन अका पुलावात रोवलेला हात काढून उठले. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. माझ्या लग्नातला पुलाव कसा झाला होता हे आजवर मला कुणी सांगितलेलं नाही. लोकांना तेवढंच भांडण आठवतं.

मग तो वसंत आला.

खाली मैदानात लढाई पेटली होती. कोण कुणाशी लढतंय हे लढणाऱ्यांनाही धड माहीत नसावं. आम्हाला कळलं ते एवढंच की खिंडीतला रस्ता बंद झाला, डिझेल यायचं थांबलं, पीठ यायचं थांबलं. माझा ट्रॅक्टर गोठ्यासमोर उभा आणि त्याच्या आसनावर ओयमोची कोंबडी अंडी उबवत बसलेली. हिवाळ्यात घराघरांत सुकलेली तुती दळून त्याच्यावर पोट भरलं. तुतीचं पीठ गोड असतं, पण महिनोनमहिने तेच खाल्लं की माणूस गोड बोलायचं विसरतो. त्या वर्षी आपला गहू आपण पेरला नाही तर पुढच्या हिवाळ्यात तुतीही पुरणार नव्हती. ही गोष्ट पोरांनाही समजत होती.

गावात बैल म्हणावेत असे दोनच उरले होते. काळा मुअल्लिमचा आणि तांबडा सांगिन अकांचा. मुअल्लिमचा लेकीच्या लग्नासाठी राखलेला, सांगिन अकांचा नातवाच्या सुंतेसाठी. मुरोदने जर्दाळूच्या खोडाचा नांगर घडवला. फाळासाठी माझ्या ट्रॅक्टरची स्प्रिंगपट्टी काढली. मी स्वतः काढून दिली, आणि कुणी मयताचे दागिने उतरवून द्यावेत तसं मला वाटलं. जूही मुरोदने केलं, ओल्या पॉपलरचं, कारण सुकं चांगलं लाकूड हिवाळ्यात चुलीत गेलं होतं. त्याने आणि मी दोन टोकांना धरून ताण देऊन पाहिला तसं ते मधून उभं चिरलं. बैल गेला नि झोपा केला म्हणतात, आमचं उलटं झालं. झोपा जाळून बसलो होतो आणि आता बैल उभे होते.

उरलं ते शाळेतलं जू.

मी मध्यस्थ म्हणून फिरायला लागलो. मुअल्लिम म्हणाले, जू घेऊन जा, बैलही घेऊन जा, पण सांगिनने गावासमोर म्हणावं की जाळलं ती चूक झाली. मी हे सांगिन अकांकडे नेलं. ते म्हणाले, माझा बैल घ्या, चाराही घ्या, पण तुरोबने गावासमोर म्हणावं की ते जू आमचं आहे, रजबच्या घरचं. मी हे इकडे आणलं. मुअल्लिम म्हणाले, त्याने आगीत टाकलं तेव्हाच ते त्याचं राहिलं नाही. मी परत तिकडे गेलो. माझे बूट फाटले. बर्फ वितळून जमिनीत मुरलेली ओल वर येत होती आणि वाऱ्याने सुकत होती, आणि हे दोन म्हातारे एकमेकांच्या तोंडून एकेक वाक्य काढायला बसलेले.

ओयमोने मुअल्लिमपुढे चहाची वाटी ठेवली. त्यात चहा कमी आणि कोमट पाणी जास्त होतं.

"तुमचा तो शब्द एवढी वर्षं कुणी सांभाळला?" तिने विचारलं.

मुअल्लिम खुलले. म्हणाले, बोलणाऱ्यांनी.

"बोलणाऱ्यांनी नाही, नांगरणाऱ्यांनी. ज्यांना दुपारी भाकरी हवी होती त्यांनी. तुमच्यासारखे सगळे असते तर हित्तींच्याही आधी संपलो असतो."

मुअल्लिमनी चहा प्यायला. पण हट्ट सोडला नाही.

शेवटी हे बीबी सोरोच्या कानावर गेलं. बीबी सोरो म्हणजे गावची सुईण, डोळ्यांनी जवळपास आंधळी, जिभेने ठणठणीत. मुअल्लिम आणि सांगिन अका, दोघांच्याही नाळा तिनेच कापलेल्या. पहिल्या तासाचा, म्हणजे नांगराच्या पहिल्या रेघेचा, मानही तिचाच. आमच्याकडे वसंतात बैलजोडी शेतात काढायचा दिवस असतो. गावातलं सगळ्यात म्हातारं माणूस बैलांच्या शिंगांना तेल लावतं, अंगावर गहू उधळतं, तोंडात कुल्चा भरवतं, आणि मग पहिलं तास निघतं. ते निघाल्याशिवाय गावात कुणी जमिनीला फाळ लावत नाही. जुवांची होळी करणाऱ्यांनीसुद्धा ही रीत मोडली नव्हती. ट्रॅक्टरच्या दिव्यांना तेल लावलं होतं.

बीबी सोरोने दोघांना बोलावून घेतलं नाही. निरोप धाडला. "उद्या सकाळी दोघांचे बैल वरच्या शेतात पाहिजेत, आणि जू पाहिजे. कुणी काही कबूल करायचं नाही. कबुलीने गहू उगवत नाही."

सकाळी अख्खं गाव बांधावर. मी शाळेतून जू आणलं. बीबी सोरोने त्याच्यावरून अंगठा फिरवला, जळक्या टोकापाशी थांबली, पुन्हा फिरवला.

"तेल कुणी लावलंय? ओलं आहे. या वर्षीचं आहे."

मुअल्लिम म्हणाले, ओयमोने लावलं असेल. ओयमो म्हणाली, मला वाटलं तुम्हीच लावता दरवर्षी. मुअल्लिम म्हणाले, मी कशाला लावू, अभ्यासाची वस्तू आहे, तिला हात लावायचा नसतो. पोरांनी खांद्यावर घेऊन फेऱ्या मारलेल्या वस्तूबद्दल हे बोलताना त्यांना काहीही वाटलं नाही. म्हाताऱ्या रजबला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि लाकूड कुठे तडकलं नव्हतं, कुठे भुसभुशीत झालं नव्हतं. त्या घटकेला त्याचा विचार करायला कुणाला सवड नव्हती, कारण बैल आले.

बैलांनी जन्मात जू पाहिलेलं नव्हतं. शिंगांना तेल लावून घेईतो शहाण्यासारखे उभे होते. मानेवर लाकूड टेकलं मात्र, काळ्याने मान खाली घालून तांबड्याला ढुशी दिली, तांबड्याने ती व्याजासकट परत केली. सुटले, पुन्हा धरले. पुन्हा जुंपले तर काळा सरळ खाली बसला. शेपटी पिरगाळली, शीळ घातली, मी ट्रॅक्टरला देतो त्या सगळ्या शिव्या दिल्या. बसलेला बैल रवंथ करायला लागला. बांधावरून कुणीतरी म्हणालं की शेवटी मालकावरच गेलाय, आणि कुठला मालक ते विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

मुरोद म्हणाला, शिकवायला पंधरवडा लागेल. पंधरवड्यात ओल राहणार नव्हती. निदान कुदळींनी खणायला सुरुवात करू, असं मी म्हटलं. पण पहिलं तास नाही तर कुदळही नाही. बायका माना हलवायला लागल्या होत्या. मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

बीबी सोरो तेलाची वाटी हातात घेऊन उभी होती.

"जोडी लागते," ती म्हणाली. "जोडीला शेपूट असलंच पाहिजे असं माझ्या आजीने कधी सांगितलं नाही. बैल ज्यांचे, मान त्यांची. या इकडे."

दोघांनाही आधी कळलं नाही. मग कळलं. मुअल्लिम साठीला आलेले, सांगिन अकाही त्याच बेताचे, शिवाय बुटके, पोट सुटलेले, मैदानात मोठ्या सभा गाजवलेले. मला वाटलं, आता हे जातील घरी, आणि आम्ही बसू तुती दळत.

मुअल्लिम पुढे झाले. कोट काढून ओयमोकडे दिला. ते जुवाच्या जळक्या टोकाशी गेले, बहुधा आपणच आगीतून काढलं म्हणून, आणि वाकायला लागले. तेवढ्यात मागून सांगिन अका आले आणि त्यांच्या दंडाला धरून त्यांना बाजूला केलं.

"ती बाजू माझी," ते म्हणाले.

माझ्या लग्नानंतर त्यांनी मुअल्लिमशी काढलेले हे पहिले शब्द. मुअल्लिम दुसऱ्या टोकाला गेले.

बीबी सोरोने रीत सोडली नाही. शिंगं नव्हती म्हणून दोघांच्या कपाळांना तेल लावलं, कान धरून कानशिलांनाही लावलं. मुअल्लिमच्या कानांना जास्तच तेल लागलं. मग मूठभर गहू डोक्यांवर उधळले. नांगराची मूठ माझ्या हातात होती. मी म्हटलं, चला. दुसरं काय म्हणणार, स्वतःच्या मेहुण्याला हाकताना कुठला शब्द वापरायचा ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

पहिल्याच झटक्याला मुअल्लिम लांब टांगा टाकत निघाले आणि जू तिरपं होऊन सांगिन अकांच्या मानेत रुतलं. ते कण्हले. आणि बांधावरून, कुठल्याशा कोपऱ्यातून, एक आवाज आला.

"मुअल्लिम, ज्याचा पाय लांब त्याने पाऊल आखूड टाकायचं."

मग सगळा बांध ओरडायला लागला. सुतार, नवा मुल्ला, दाढीवाले, आज्या झालेल्या पोरी, ज्यांनी ज्यांनी त्या अंगणात फेऱ्या मारल्या ते सगळे. इतक्या वर्षांची उधारी एका सकाळी वसूल. मुअल्लिम थांबले, दम घेतला आणि पाऊल आखूड केलं. जू सरळ झालं. फाळ जमिनीत गेला. मुठीतून माझ्या हातांना कळलं की माती उलटतेय, ट्रॅक्टरमध्ये हे कधी कळलं नव्हतं. समोर दोन पांढरी डोकी, एक वर एक खाली, तेलाने चमकणारी, केसांत गहू अडकलेले, आणि दोघांच्या तोंडून निघणारा तोच एक आवाज, ज्याला कुठल्याच भाषेत लिहिता येणार नाही.

तास वाकडं गेलं. सापानेही लाजावं इतकं वाकडं. पण शेताच्या त्या टोकाला पोचलं, आणि बायकांनी डफ वाजवला. मागे लोक कुदळी घेऊन उतरायलाही लागले.

टोकाला दोघं जू खाली ठेवून बसले, श्वास लागलेला. मी नांगर सोडून पाणी आणायला वळणार इतक्यात मुअल्लिमनी आपल्या तळहाताकडे पाहिलं. तो चकाकत होता. नाकाशी नेऊन वास घेतला.

"जवसाचं आहे," ते म्हणाले. "रजब बोबो लावायचे तेच."

सांगिन अका मातीचं ढेकूळ फोडत होते. शाळेच्या मागे कोळशाची खोली आहे, तिची किल्ली ब्रिगेडप्रमुख म्हणून कायम त्यांच्याचकडे असायची, आणि तिथून वर्गात दार उघडतं. हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

"दर नवरोजला?" मुअल्लिमनी विचारलं.

"बाबांनी जाताना सांगितलं होतं," सांगिन अका ढेकळाकडेच बघत म्हणाले. "म्हणाले, जाळलंस ते जाळलंस. आता सुकू देऊ नकोस."

मुअल्लिमचे ओठ हलले. मी ओळखलं, आता इगोपासून सुरू होणार, मग योख, मग योक. पण शब्द आला नाही. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच त्या माणसाकडे बोलायला काही नव्हतं, आणि ते बघून मला हसूही येईना. तेवढ्यात बीबी सोरो काठी टेकत येऊन पोचली आणि रीतीप्रमाणे त्यांच्या उघड्या तोंडात कुल्चा कोंबला.

मुअल्लिमनी तो तोंडातून काढून मधोमध मोडला आणि अर्धा सांगिन अकांना दिला. दोघांनी तो चावून खाल्ला, गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि पुन्हा जुवाखाली वाकले, कारण परतीचं तास अजून काढायचं होतं.